जाहिरातींचं पान वगळून मुंबईच्या नाटकांचा इतिहास लिहिता येणार नाही

मुंबईच्या रंगभूमीवर लिहिणारे बरेच जण जुन्या वृत्तपत्रांतली परीक्षणं वाचतात, अग्रलेख वाचतात आणि जाहिरातींचं पान उलटून पुढे जातात. खरा ऐवज त्याच पानावर आहे. परीक्षण येतं ते बहुधा सुरुवातीच्या एखाद्या प्रयोगाचं. पुढे ते नाटक कुठे, किती वाजता, कुणाला घेऊन चाललं, हे फक्त जाहिरात सांगते.

या शहरात छापखाना आणि रंगमंच शेजारी शेजारीच वाढले. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं 6 जानेवारी 1832 ला, एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी. ग्रँट रोडचं नाट्यगृह 1846 चं, नाना शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं. 1853 मध्ये विष्णुदास भाव्यांची मंडळी तिथे खेळली आणि त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही. ‘मानापमान’ लिहिणाऱ्या खाडिलकरांनीच 1923 मध्ये ‘नवाकाळ’ काढला, तर नाटककार अत्र्यांनी 1956 मध्ये ‘मराठा’. दोन्ही इतिहास वेगळे करताच येत नाहीत.

आता जाहिरात कशी वाचायची ते सांगतो. ‘रवि. दु. 4 दीनानाथ’ एवढंच छापलेलं असतं. दीनानाथ म्हणजे पार्ले, साहित्य संघ म्हणजे गिरगाव, दामोदर म्हणजे परळ, गडकरी म्हणजे ठाणे. नुसतं ‘भावे’ दिसलं तर थांबा: वाशीला भावे नाट्यगृह आहे, तसं सांगलीलाही आहे. ‘आज’, ‘उद्या’, ‘रवि.’ या शब्दांना अंकाच्या तारखेशिवाय काहीच अर्थ नाही, म्हणून तारीख न लिहिलेलं कात्रण कितीही सुंदर असलं तरी इतिहासाला निरुपयोगी. प्रत्येक नोंदीत अंकाची तारीख, आवृत्ती, पान, नाट्यगृह, वेळ आणि प्रयोग क्रमांक हवाच. आवृत्ती अशासाठी, की ग्रंथालयात बांधून ठेवलेली प्रत डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी पाठवायच्या अंकाची, असली तर शहरातल्या जाहिराती तिच्यात कमी किंवा वेगळ्या असू शकतात.

प्रयोग क्रमांकावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. तो निर्मात्याने दिलेला असतो आणि त्यात दौऱ्याचे प्रयोगही धरलेले असतात. एखाद्या संस्थेने कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे ठरलेल्या रकमेला अख्खा, घेतलेल्या प्रयोगाची तर जाहिरातच येत नाही. म्हणजे मुंबईच्या जाहिराती मोजून आलेला आकडा कमी भरणारच. उलट बाजूनेही घोळ होतो: जाहिरात आली पण प्रयोग रद्द झाला. त्यासाठी पुढचे दोन-तीन दिवसांचे अंक चाळावेच लागतात.

एवढं केलं की शहर सरकताना दिसतं. साहित्य संघाचं नाट्यगृह 1964 चं, दादरचं शिवाजी मंदिर 1965 चं, गडकरी रंगायतन 1978 चं. मराठी वस्ती गिरगाव सोडून उत्तरेला आणि ठाण्याकडे गेली, आणि तिकीट काढणारा प्रेक्षक ज्या रस्त्याने गेला तोच रस्ता जाहिरातींतल्या नाट्यगृहांच्या नावांत उमटला आहे.

घाई करायला हवी, कारण कागद थांबणार नाही. 1840 च्या आसपासचे अंक चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर आहेत, ते अजून बरे टिकलेत. 1950-60 चा न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा. तो आम्लामुळे पिवळा पडतो आणि घडीवर बोट लागलं तरी तुकडा हातात येतो. बाइंडिंग घट्ट असलं की शिवणीकडचा स्तंभ आत दबतो, आणि नाटकांच्या जाहिराती त्याच स्तंभात असल्या तर त्या गेल्याच.

स्कॅन करणाऱ्या संस्थांना कळकळीची विनंती आहे. नुसतं काळं-पांढरं स्कॅन नको, ग्रेस्केल घ्या, म्हणजे करड्या छटाही टिपणारं, आणि निदान 400 डीपीआयचं (इंचामागे 400 ठिपके). पातळ कागदावर मागची शाई पुढे उमटते आणि काळ्या-पांढऱ्यात ती अक्षरांत मिसळून जाते. ओसीआरवर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या संगणकाच्या वाचनावर, भिस्त ठेवू नका. नाटकाचं नाव बहुतेक वेळा हाताने रेखाटून त्याचा ब्लॉक (छपाईचा ठसा) केलेला असतो, ते यंत्राला वाचता येत नाही. म्हणून शोधताना नाट्यगृह सापडतं, नाटक सापडत नाही. ती नावं माणसानेच बसून टाइप करायला हवीत. आणि ‘नुसत्या जाहिराती आहेत’ म्हणून एकही पान गाळू नका.