व्हायरसची वंशावळ निघते, पण त्यावरून 'कुणी दिला' ते कळत नाही

परत एकदा तो मेसेज फिरायला लागलाय. थोडक्यात असा: "आता एचआयव्हीचं जीन सिक्वेन्सिंग करून कुणी कुणाला लागण केली ते शंभर टक्के कळतं, अमेरिकेतला पहिला पेशंट असाच सापडला, कोर्टातही सिद्ध झालंय, युरोपात औषधांना न जुमानणारा सुपर स्ट्रेन निघालाय, आणि टेस्ट केलीत की तुमचा डेटा थेट पोलिसांकडे, म्हणून टेस्टच करू नका." लिहिणारा बेरकी आहे, कारण जवळजवळ प्रत्येक वाक्यात कणभर खरं आहे आणि त्या कणावरून त्याने थेट स्वर्ग गाठलाय. एकेक घेऊ.

शंभर टक्के कळतं म्हणे. नाही कळत. हे वाचताना लोकांच्या डोक्यात बापलेकाची डीएनए टेस्ट असते आणि घोळ तिथेच सुरू होतो. माणसाचा डीएनए जन्मभर जवळपास तोच राहतो, एचआयव्हीचं तसं नाही. त्याचा जीनोम, म्हणजे सिक्वेन्सिंगमध्ये क्रमाने वाचतात तो सगळा जनुकीय मजकूर, जेमतेम ९,७०० अक्षरांचा, आणि त्याची नक्कल करणारं एन्झाइम इतकं गबाळं की चुका करतं आणि केलेलं परत तपासतही नाही, त्यात औषध सुरू नसलेल्या माणसाच्या अंगात दिवसाला अंदाजे १,००० कोटी नवे व्हायरस तयार होतात, म्हणजे एका माणसात 'एक' व्हायरस नसतोच, भाऊबंदांचा अख्खा गोतावळा असतो आणि तो सतत बदलत असतो. सिक्वेन्सिंगवाले हेच बदल वापरतात. दोन माणसांच्या व्हायरसमध्ये फरक कमी म्हणजे त्यांचा सामाईक पूर्वज अलीकडचा, फरक जास्त म्हणजे पूर्वज जुना. बस, एवढंच. सीडीसीत, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेत, अलीकडे वेगाने वाढणारं क्लस्टर (व्हायरस एकमेकांच्या जवळचे असलेल्या बाधितांचा गट) शोधताना ०.५ टक्क्यापर्यंतचा फरक धरतात, आणि तोही बहुतेक वेळा अख्ख्या जीनोमचा नाही तर पोल नावाच्या जीनच्या एका तुकड्याचा, कारण कुठलं औषध चालेल हे बघायला तो तुकडा तसाही वाचलेला असतो.

आता समजा अ आणि ब यांचे व्हायरस अगदी जवळचे निघाले. अ कडून ब ला गेला असेल. ब कडून अ ला गेला असेल. दोघांनाही क कडून आला असेल. किंवा अ कडून क ला आणि क कडून ब ला, आणि हा क कधी टेस्टलाच आलेला नाही, त्यामुळे व्हायरसच्या वंशावळीच्या झाडावर त्याची फांदीच नाही. चारही वेळा रिपोर्टमधला आकडा तोच दिसू शकतो! न सापडलेला क हा या सगळ्या शास्त्राचा खरा डोकेदुखीचा विषय आहे, मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही.

हां, एक कबूल करायला हवं. हल्ली डीप सिक्वेन्सिंगने एकेका माणसातला तो गोतावळा वाचता येतो, आणि ब चे सगळे व्हायरस अ च्या झाडाच्या आत एका फांदीवर बसलेले दिसले तर प्रवास अ कडून ब कडे झाला असावा असा अंदाज बांधता येतो. युगांडा आणि झांबियातले मोठे अभ्यास यावरच उभे आहेत, कुठल्या वयोगटाकडून कुठल्या वयोगटाकडे लागण जास्त जाते वगैरे. पण ते करणारे संशोधकच सांगतात की हजारो लोकांच्या सरासरीला हे चालतं, एका जोडप्याला समोर बसवून बोट दाखवायला नाही. २०१८ मध्ये २० शास्त्रज्ञांनी मिळून निवेदन काढलं, त्याचा सूरही हाच होता, की असा पुरावा आरोपाशी सुसंगत असू शकतो पण एकट्याच्या जोरावर तो आरोप सिद्ध करत नाही. उलट व्हायरस एकमेकांपासून खूप लांबचे निघाले तर 'याच्याकडून त्याला गेला नाही' हे मात्र बऱ्याच ठामपणे म्हणता येतं, म्हणजे हे हत्यार अडकवण्यापेक्षा सोडवायला जास्त चांगलं आहे.

पहिल्या पेशंटची गोष्ट तर उलटीच आहे आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. गाएतान दुगा, कॅनडाचा विमान कर्मचारी, १९८४ ला वारला. त्या वर्षी सीडीसीने ४० रुग्णांच्या संबंधांचा अभ्यास छापला, त्यात हा कॅलिफोर्नियाबाहेरचा म्हणून त्याच्या नावापुढे इंग्रजी 'ओ' ('आउट'मधला) हे अक्षर होतं, लोकांनी ते शून्य वाचलं, झाला 'पेशंट झीरो'. १९८७ मध्ये त्याचं नाव जगजाहीर झालं आणि अख्ख्या खंडातल्या साथीचं खापर एका मेलेल्या माणसाच्या डोक्यावर फुटलं. यात सिक्वेन्सिंगचा काडीचा संबंध नव्हता. सिक्वेन्सिंग आलं ते २०१६ मध्ये, १९७८-७९ मध्ये साठवलेल्या रक्ताच्या सॅम्पलमधून व्हायरसचे जीनोम जुळवून काढले, शेजारी दुगाचा ठेवला, तर तो झाडाच्या मुळाशी नाहीच, मधेच कुठेतरी इतरांच्या गर्दीत. व्हायरस कॅरिबियनमधून न्यूयॉर्कला १९७०-७१ च्या सुमारास पोचला होता आणि तिथे आधीच फोफावला होता. म्हणजे ज्या तंत्राने तो सापडला म्हणतात त्याच तंत्राने त्याला सोडवलंय, ३० वर्षं उशिरा.

मुळात 'पहिला' शोधायचाच तर फार मागे जावं लागतं. आफ्रिकेत, काँगोची राजधानी किन्शासात, १९५९ आणि १९६० साली घेतलेल्या दोन सॅम्पलमधले व्हायरस तेव्हाच एकमेकांपेक्षा सुमारे १२ टक्के वेगळे झालेले होते, एवढा फरक पडायला दशकं लागतात, आणि बदलाच्या वेगावरून उलट मोजत गेलं की साथीचं मूळ किन्शासात १९२० च्या आसपास येतं. इथे सिक्वेन्सिंगचा खरा हातखंडा आहे. तरी त्यातून शहर आणि काळ निघाला, माणसाचं नाव नाही.

कोर्टाचं. हो, १९९८ मध्ये अमेरिकेत लुइझियानात एका डॉक्टरला शिक्षा झाली, त्याने आपल्या पेशंटचं दूषित रक्त एका बाईला टोचलं असा आरोप होता, तिचा व्हायरस त्या पेशंटच्या व्हायरसच्या फांदीत बसला. पण तुलनेसाठी त्याच भागातल्या इतर बाधितांचे व्हायरसही घेतले होते, आणि दवाखान्यातल्या नोंदी वगैरे बाकीचा पुरावा होताच.

मेसेजवाला बेनगाझी सांगत नाही. लिबियातल्या तिथल्या हॉस्पिटलमध्ये ४०० हून जास्त मुलांना लागण झाली, ५ बल्गेरियन नर्स आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरला मुद्दाम केलं म्हणून फाशी सुनावली. डिसेंबर २००६ मध्ये जीन्सचा अभ्यास छापून आला, की हा स्ट्रेन त्या नर्स मार्च १९९८ ला तिथे येण्याआधीपासूनच त्या हॉस्पिटलमध्ये फिरत होता. काही दिवसांतच कोर्टाने परत फाशीच दिली. जुलै २००७ मध्ये सुटल्या त्या वाटाघाटींमुळे. विज्ञान स्पष्ट होतं तेव्हा कोर्टाने ते ऐकलं नाही, आणि याला म्हणे कोर्टात सिद्ध झालंय.

सुपर स्ट्रेनचं दोन वाक्यांत. नेदरलँड्समध्ये व्हीबी नावाचा प्रकार सापडला, २०२२ मध्ये छापून आलं, १०९ जण, रक्तात व्हायरस साडेतीन ते साडेपाचपट आणि सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दुप्पट वेगाने घसरतात, हे गंभीरच आहे. पण औषधांना तो इतर स्ट्रेनइतकाच दाद देतो आणि २०१० च्या आसपासपासून त्याचा फैलाव कमीच होत आलाय, त्यामुळे 'न जुमानणारा' हे शुद्ध पदरचं.

राहिला डेटा. इथे मी मेसेजला पूर्ण धुडकावणार नाही. अमेरिकेत उपचारासाठी काढलेले सिक्वेन्स पेशंटला वेगळं न विचारता आरोग्य खात्याकडे जातात, २०१८ पासून क्लस्टर शोधणं सगळ्या राज्यांना बंधनकारक झालं, आणि काही राज्यांत एचआयव्ही असताना न सांगता संबंध ठेवणं हा गुन्हा आहे. एका खात्याची यादी दुसऱ्याच्या हातात गेली तर काय, ही भीती रास्त आहे, २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार समितीनेही यावर बोट ठेवलं. संमती घ्या, भिंत बांधा, ही मागणी योग्यच.

पण त्यातून 'टेस्टच करू नका' कसं निघतं? पहिली टेस्ट असते अँटीबॉडी आणि अँटिजेनची, त्यात सिक्वेन्सिंग नसतंच, ते नंतर, औषध ठरवताना. आणि सिक्वेन्सिंगला रक्तात पुरेसा व्हायरस लागतो. टेस्ट करून गोळ्या नीट घेणाऱ्या माणसाच्या रक्तात तो इतका कमी होतो की नेहमीच्या पद्धतीने वाचायला काही हातीच लागत नाही, आणि शरीरसंबंधातून त्याच्याकडून पुढे लागणही होत नाही. ज्या यादीची भीती घातलीय तिच्यात नवी माणसं भरत राहू शकतो तो टेस्ट न केलेला, म्हणून नकळत पुढे लागण करणारा माणूस.