ओली वाळू चालते, मग प्लास्टर का नाही?

सप्रेम नमस्कार.

मासेमारीच्या जाळ्याला वजनासाठी लावायच्या शिशाच्या गोळ्या घरी ओतायच्या असतील तर साचा कशाचा घ्यावा, या माझ्या लेखावरील आपला आक्षेप मी दोनदा वाचला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आपण वीस वर्षे ओल्या वाळूत तेराशे-चौदाशे अंशांचे लोखंड ओतले आणि कधी अपघात झाला नाही. मग ३२७ अंशांना वितळणाऱ्या शिशासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस धोक्याचे कसे, आणि हिडकल धरणाच्या काठावर जाळे टाकून पोट भरणाऱ्याने ॲल्युमिनियमच्या साच्याचा खर्च का सोसावा, असे आपण विचारले आहे.

खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. ‘प्लास्टर वापरूच नये’ असे मी सरसकट लिहिले, ती माझी चूक होती. मात्र वाळूशी केलेली तुलना मला पटत नाही. तिच्यावर विसंबून कोणी ओल्या साच्यात शिसे ओतू नये, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, पाणी असते हे खरेच, पण ते शेकडा तीन-चार इतकेच, आणि वाळूच्या कणांमधून वाफेला बाहेर पडायला वाट असते. तीही कमी पडेल म्हणून मोल्डर, म्हणजे साचा बांधणारा कारागीर, तारेने व्हेंट (वाफेसाठी बारीक भोके) मारतो, हे आपल्याला मी काय सांगावे? जमलेल्या प्लास्टरची छिद्रे फार बारीक असतात. शिवाय वरून खडखडीत वाळलेल्या एक किलो प्लास्टरमध्येही सुमारे २०० ग्रॅम पाणी स्फटिकांत बांधलेले असते, आणि ते उन्हाने जात नाही. प्लास्टर शिशाच्या उष्णतेला टिकते, याबद्दल वाद नाही. पण पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे सोळाशे पट वाढते आणि वाट न मिळालेली वाफ वितळलेले शिसे साच्याच्या तोंडातून उडवते.

हे मी पाहिले आहे. आषाढात चुलीच्या कट्ट्यावर चार दिवस ठेवलेला साचा हाताला कोरडा लागत होता. पळीभर शिसे आत गेले, क्षणभर बुडबुड असा आवाज झाला आणि शिसे सरळ वर उडाले. पडवीच्या कौलांना आतून चिकटलेले राखाडी मणी आजही तिथे आहेत, आणि सदऱ्याच्या बाहीला मसुराएवढे भोक पडले होते. डोळ्यांवर चष्मा होता, म्हणून वाचलो.

सिलिकॉनबद्दल आपण विचारलेच आहे, तर साधे सिलिकॉन दोनशे-अडीचशे अंशांपुढे टिकत नाही, म्हणून ते शिशासाठी नको. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पाणी धरत नाही आणि शेकडो गोळ्या देते. जाड पट्टीचे दोन तुकडे भंगारातून घेऊन ड्रिल मारून घेतले तर खर्चही आवाक्यात येतो. या साच्याला आतून दिव्याची काजळी धरावी आणि तो आधी तापवून घ्यावा, कारण थंड धातूवरही दव धरते.

पाच-दहाच गोळ्या हव्या असतील तर प्लास्टर खुशाल वापरा. पण खानापूरकडच्या पावसात वाळलेल्या साच्यावर विश्वास ठेवू नका. तो ओव्हनमध्ये हळूहळू दोनशे अंशांपर्यंत न्या, तासातासाने वजन करा आणि लागोपाठ दोन वेळा काटा एकाच आकड्यावर थांबेपर्यंत शिसे वितळवायला ठेवू नका. त्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न शिजवू नये, आणि ओतकाम परसात, मुलांपासून दूरच करावे.