मनी प्लांट आणि कुत्रं : निपाणीच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मनी प्लांट चावला तर कुत्र्याला त्रास होतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की बेळगावपासून निपाणीपर्यंत मनी प्लांट नसलेलं घर शोधून सापडायचं नाही, त्यातल्या कितीतरी घरांत कुत्रं असतं, आणि या वेलीनं कुत्रं मेल्याचं तुम्ही कधी ऐकलं नाही. मग विषारी झाडांच्या परदेशी याद्या वाचून लोकांना भिववायचं कशाला? शिवाय, ‘त्याच जातीच्या अळूचं फदफदं आपण खातो की!’

मनी प्लांटनं कुत्रं सहसा मरत नाही, हे मी लेखात लिहिलंच होतं. पण जीव जात नाही म्हणून त्रास होत नाही, असं नाही. अळूचंच घ्या. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक. पान चावलं की ते जिभेत, हिरड्यांत, घशात रुततात. आपण अळू चांगलं शिजवतो, चिंच घालतो, तरी कधीकधी घसा खवखवतो. कुत्रं कच्चंच चावतं. मग लाळ गळते, ते पंजानं तोंड खाजवतं, उलटी करतं, जेवणाला तोंड लावत नाही. त्याला सांगता येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं ‘आज रुसलंय’.

‘काय खाऊ नये ते कुत्र्याला उपजत कळतं’ हे पिल्लाच्या बाबतीत मला मान्य नाही. दात येत असताना ते चप्पल सोडत नाही, तर वेल कशी सोडेल? त्यात आपल्याकडचा पाऊस. खानापूरकडं तर आठवडा आठवडा बाहेर पडता येत नाही. पिल्लू पडवीत अडकलेलं, आणि पावसानं तरारलेली वेल थेट त्याच्या नाकाशी. वेल फेकू नका, उंच टांगा, आणि खाली लोंबणारे शेंडे खुडत जा.

चावलंच, तर तोंडातले तुकडे काढून पाण्यानं धुवा, थोडं दही द्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, जास्तीचं मीठ कुत्र्याला घातक असतं. बहुतेक वेळा एका दिवसात उतार पडतो. तोंड-घसा सुजला किंवा श्वास लागला, तर मात्र लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे.

पण मला काळजी लागली ती तुमच्या शेवटच्या ओळीची : ‘आमच्या फाटकाशी सायकस आहे, त्यानंही काही झालं नाही.’ काका, मनी प्लांट आणि सायकस, म्हणजे ते पामसारखं दिसणारं शोभेचं झाड, एका मापानं मोजू नका. सायकसचा प्रत्येक भाग विषारी, बी सगळ्यांत जास्त. एकदोन बियाही कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. आधी उलट्या होतात, मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि दोनतीन दिवसांत यकृत निकामी होतं. लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठावा लागतो. कण्हेर आणि पिवळी बिट्टीही अशाच, त्या हृदयावर जातात. देवाला फुलं लागतात म्हणून दारोदारी असतात, पण छाटलेल्या फांद्या अंगणात टाकून ठेवू नयेत.

फाटकाशी हिरवं हवंच असेल तर अरेका पाम लावा, कुत्र्याला त्याची बाधा नाही. मोगराही चालेल. सायकस माझ्या मते काढूनच टाकावा. तोवर शेंड्याच्या मधोमध केशरी-लाल बिया धरल्यात का, तेवढं आजच बघा. असतील तर हातमोजे घालून सगळ्या वेचा, खाली पडलेल्याही, आणि काय दिसलं ते इथं कळवा.