'संगम'मधला सुंदर मला आवडत नाही

'संगम' चित्रपटाचा नायक सुंदर मला सहन होत नाही. ती भूमिका करणारा राज कपूर अतिशय आवडतो, तरीही. चेंबूरमध्ये वाढलेय मी, त्याच्या आर. के. स्टुडिओवरून तेव्हा येणं-जाणं नेहमीचं होतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्राने 'बोल राधा बोल' सुरू केलं की सगळं पटांगण ताल धरतं, मीसुद्धा. पण त्या गाण्यात चाललंय काय? राधा पाण्यात, तिचे कपडे घेऊन सुंदर झाडावर, आणि ती हो म्हणेपर्यंत हा पिच्छा सोडत नाही. असा वदवून घेतलेला होकार त्याला प्रेम वाटतो!

तिचा जीव सुंदरच्या मित्रावर, गोपालवर आहे हे आपल्याला दिसतं, सुंदरला दिसत नाही. हवाई दलात जाताना तो गोपालकडून वचन घेतो की माझ्या माघारी राधाच्या आयुष्यात दुसरा पुरुष येऊ द्यायचा नाही. वचन दोन मित्रांचं, पणाला राधा. काश्मीरच्या मोहिमेत त्याचं विमान पडतं, तो गेला असंच सगळे धरून चालतात, आणि परततो तो वीर म्हणून. त्याच्या शौर्याबद्दल माझी तक्रार नाहीच. फक्त वर्दी चढली म्हणून माणूस नवरा व्हायच्या लायकीचा ठरतो, हे मला पटत नाही.

लग्नानंतर पॅरिसमध्ये याला बायकोला हॉटेलवर ठेवून नाइट क्लबला जायचंय. म्हणून तर 'मैं का करूँ राम' गात राधाला त्याच्यासमोर नाचावं लागतं. आणि याच माणसाच्या हाती लग्नाआधीचं, खाली सही नसलेलं प्रेमपत्र लागतं तेव्हा तो घराचं पोलीस ठाणं करून टाकतो. नाव सांग, कोण तो, नाव सांग. हातात पिस्तूल. पियानोवर बसून 'दोस्त दोस्त ना रहा' म्हणतो, तेव्हा मुकेशच्या आवाजाने आपण विरघळतो आणि समोर बसलेल्या राधाचा चेहरा बघायचा राहून जातो. पुढच्या वेळी तो बघा.

गोपालही काही संत नाही. आपलं प्रेम मित्राला देऊन टाकताना त्यानेही तिला विचारलं नाही.

मावशीशी यावरून माझं कडाक्याचं भांडण झालंय. ती म्हणते, "अगं, तो काळच तसा होता." पण 1964च्या त्याच चित्रपटात वैजयंतीमालाने राधाची घुसमट आणि संताप इतका खरा उभा केलाय की त्या वर्षीचं फिल्मफेअर तिला मिळालं. म्हणजे थिएटरात बसलेल्या बायकांना तेव्हाही कळत होतं. राज कपूरलाही कळत असणार, नाहीतर स्वतः नायक असताना दिग्दर्शक म्हणून त्याने सुंदरचा संशय इतका वेळ, इतका जवळून दाखवला नसता. म्हणूनच चार तासांचा हा चित्रपट मी पुन्हा पुन्हा बघते, आणि राधासाठी बघते.