जाताना बोगदा, येताना घाट

2023 च्या मे महिन्यात लेकीकडे न्यूयॉर्कला निघालो, तेव्हा आईनं चष्मा पुसून तिकीट वाचायला घेतलं. "मुंबईहून रात्री दोनला सुटणार, तिकडं सकाळी आठला पोचणार. म्हणजे सहा तास. आपली सातारा-मुंबई एसटी घेते की एवढे!"

मग परतीचं तिकीट. तिथून सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबई. आई थबकली, बोटांवर मोजलं. साडेतेवीस तास! पण कोडं तिचं तिनंच सोडवलं, "येताना घाट असणार."

तिचं चुकत नव्हतं. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागायचा, येताना घाट चढावा लागायचा. साताऱ्याच्या माणसाला भूगोल एवढाच पुरतो.

मी पुतण्याचा ग्लोब आणला, तिच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि मुंबई ते न्यूयॉर्क ताणून धरला. तो नॉर्वेवरून, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या टोकाशी लागून उतरला.
"एवढं वर कशाला चढायचं? सरळ जा की."
"आई, गोलावर हेच सरळ. साडेबारा हजार किलोमीटर."
तिनं दोरा काढून घेतला. पुरवून वापरायचा होता.

पुढं सांगितलं, की तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं असतं. खरे जाताना साडेपंधरा तास लागतात आणि येताना चौदाच, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, ते येताना पाठीशी असतात.
"मग घड्याळात साडेतेवीस कसे?"
"जाताना मिळालेले साडेनऊ तास येताना परत करायचे."
"म्हणजे उसने. आणि व्याज?"
व्याज मला नंतर कळलं. लेकीकडे आठ दिवस मी भर दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगत होतो आणि रात्री तीनला टक्क जागा राहून तिच्या फ्रिजचा आवाज ऐकत होतो.

विमानात मधली सीट मिळाली. डावीकडचा गृहस्थ झोपला तो थेट अमेरिकेत उठला. उजवीकडच्या बाईंना दर तासाला उठायचं होतं. समोरच्या पडद्यावरचं विमान ताशी नऊशे किलोमीटरनं जात होतं म्हणे, पण मी बघेन तेव्हा ते जागचं हललेलं नसायचं. दूध उतू जायची वाट बघावी तसं. हट्टानं दोन तास तिकडं बघितलंच नाही. मग बघितलं, तर पंधराच मिनिटं झाली होती.

आणि साडेपंधरा तास हे नुसते हवेतले. साताऱ्यातून आदल्या दुपारी तीनला निघालो होतो. विमानतळावरच्या रांगा, बॅगेतली चकली हातात धरून "हे काय?" विचारणारा अधिकारी, मग लेकीची गाडी, हे सगळं धरून तिच्या दारात चप्पल काढली तेव्हा साडेएकोणतीस तास झाले होते. आईला फोन केला. "सहा तासांचं काय झालं?" एवढंच म्हणाली.

परतताना वाऱ्यानं इमानदारीनं ढकललं. चौदा तासांत मुंबई. तिथून गाडी केली, पुणं ओलांडलं आणि खंबाटकीच्या चढावर एक ट्रक आडवा. दोन तास गाडी तसूभर हलली नाही. शेवटी आईचाच फोन आला.
"कुठं आहेस?"
"खंबाटकीत अडकलोय."
"तरी मी म्हटलं होतं," आई म्हणाली, "येताना घाट आहे."