आकडा फुगला म्हणून काम पोकळ ठरत नाही

सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा आशय असा: ऑनलाइन आणि मुक्त शिक्षणावर संशोधन करणारे प्राध्यापक एकमेकांचे निबंध उद्धृत करून आपला एच-इंडेक्स (निबंधांना मिळालेल्या उद्धरणांवरून काढलेला संशोधकाचा आकडा) वाढवतात, शिकवण्यात मात्र त्याचा काडीचा उपयोग होत नाही. त्यांची नियतकालिकं फुकट, म्हणजे दर्जाही तसाच. २०२० साली कोविडमुळे वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हा सगळं उघडं पडलं. आणि खुल्या कोर्सना नाव नोंदवणाऱ्यांपैकी दहा टक्केही ते पूर्ण करत नाहीत.

मी ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याचं काम करतो. ज्या संशोधनाला इथे निरुपयोगी म्हटलंय, ते मला रोज लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. एखाद्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणं असतील, तर त्याचा एच-इंडेक्स २०. आता समजा, दुसऱ्या कुणी आयुष्यात पाचच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला हजार उद्धरणं मिळाली. एकूण ५,००० उद्धरणं, तरी एच-इंडेक्स ५. हा आकडा माणसाच्या कामाचा फक्त ढोबळ अंदाज देऊ शकतो, हे खुद्द हिर्श यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलंय. तेव्हा आकड्यावर भिस्त ठेवू नका, हे मला शंभर टक्के मान्य. पण आकडा भरवशाचा नाही म्हणून त्यामागचं काम कुचकामी, हे कुठून आलं? ते काम उघडून बघावं लागतं.

तर बघूया. २००० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. नुसत्या लेखी चर्चेतून, एकमेकांचं तोंड न बघता, खरं शिक्षण होऊ शकतं का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी तीन गोष्टी लागतात असं त्यांनी मांडलं: विचाराची उपस्थिती, माणसांची उपस्थिती आणि शिक्षकाची उपस्थिती. ऐकायला सोपं वाटतं. पण कुठल्याही ऑनलाइन कोर्सचा चर्चा-मंच उघडून बघा. ‘या प्रकरणाबद्दल तुमचं मत मांडा’ असा प्रश्न टाकलेला असतो. खाली ओळीने उत्तरं: ‘छान मुद्दा’, ‘सहमत’, ‘मलाही असंच वाटतं’. दोनच दिवसांत सामसूम.

असं का होतं, ते तीन उपस्थितींच्या या मांडणीतून कळतं. विचाराचे चार टप्पे त्यांनी सांगितले: प्रश्नाने अस्वस्थ होणं, चाचपडणं, जुळवाजुळव करणं आणि उत्तरापर्यंत पोचणं. ऑनलाइन चर्चा बहुतेकदा दुसऱ्या टप्प्यावरच अडकतात, असं पुढच्या कितीतरी अभ्यासांत दिसलं. दोष विद्यार्थ्यांच्या आळसाचा असतोच असं नाही. अनेकदा प्रश्नच तसा विचारलेला असतो आणि मधे हात घालायला शिक्षक नसतो. म्हणून आता मी मत विचारत नाही. परस्परविरोधी दोन निर्णय समोर ठेवतो, एक निवडायला लावतो आणि विचारतो, ‘कोणता पुरावा दिसला तर तुम्ही बाजू बदलाल?’ शिक्षकाने कोणत्या दिवशी येऊन धागे जुळवायचे, हेही आराखड्यातच लिहितो. हा परिणाम कुठल्याच निर्देशांकात नोंदला जात नाही. मी कुणाला उद्धृत करत नाही, मी फक्त कोर्स बांधतो.

‘फुकट म्हणून दर्जाहीन’ हा मुद्दा लवकर संपतो. वाचकाकडून पैसे न घेणं वेगळं आणि तज्ज्ञांकडून न तपासता छापणं वेगळं. लेखकाकडून पैसे उकळून काहीही छापणारी नियतकालिकं आहेत, त्यांचा राग मलाही येतो. पण कॅनडातल्या अथाबास्का विद्यापीठाचं मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणाला वाहिलेलं नियतकालिक २००० पासून सर्वांना खुलं आहे आणि त्यातले शोधनिबंध तज्ज्ञांकडून तपासूनच छापले जातात.

२०२० बद्दल मात्र मजकूर लिहिणाऱ्याने उलटंच वाचलंय. शिक्षण-तंत्रज्ञानाचे अभ्यासक चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या चार सहलेखकांनी त्याच वर्षी मार्चमध्ये लिहिलं की, घाईघाईने स्क्रीनवर हलवलेले वर्ग म्हणजे आणीबाणीतलं दूरस्थ अध्यापन. त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका. विद्यापीठातला एक पूर्ण ऑनलाइन कोर्स उभा करायला एरवी सहा ते नऊ महिने लागतात, हेही त्यांनी सांगितलं. इथे शिक्षकांच्या हातात काही दिवस होते. तासभर व्याख्यान, कॅमेरे बंद, ‘आवाज येतोय का?’ हे कुठल्या संशोधनाने सुचवलं होतं? संशोधन हरलं नाही, ते वापरायला वेळच मिळाला नाही. आणि हा लेख रूढ शोधपत्रिकेत नव्हे, या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठीच्या एका नियतकालिकात आला होता. तरी त्याला हजारो उद्धरणं मिळाली.

राहिला दहा टक्क्यांचा मुद्दा. आकडा खोटा नाही. पण नाव नोंदवणारा प्रत्येक जण प्रमाणपत्रासाठी येत नाही. कुणाला एकच प्रकरण हवं असतं, कुणी नुसतं चाळून बघतो. पैसे भरून प्रवेश घेतलेल्या वर्गाचा मापदंड इथे लावला, तर तेही नापासांत जमा होतात. आणि हा आकडा आला कुठून? केटी जॉर्डन या संशोधिकेने विखुरलेली माहिती गोळा करून २०१४ मध्ये तो मांडला: बहुतेक कोर्समध्ये दहा टक्क्यांहून कमी, मध्यक (निम्मे कोर्स ज्याच्या खाली आणि निम्मे वर, तो आकडा) ६.५ टक्के. मुक्त शिक्षणाच्याच अभ्यासकाने आपल्याच क्षेत्राची उणी बाजू मोजली आणि ती छापून आली अथाबास्काच्या त्याच फुकट नियतकालिकात.