झोपून वाचायच्या लाइटवरचा तो मेसेज, मुद्द्यामुद्द्याने

फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो, वर 'नेत्रतज्ज्ञांचा सल्ला' अशी पाटी लावलेली, तज्ज्ञ कोण ते मात्र कधीच लिहिलेलं नसतं. म्हणणं थोडक्यात असं: मंद उजेडात झोपून वाचलं की नंबर वाढतो, एलईडीचा निळा प्रकाश डोळ्याचा पडदा जाळतो म्हणून जुना पिवळा बल्बच लावा, रात्री लाल नाहीतर झिरोच्या दिव्यात वाचा कारण लाल उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, वाढतं, ते जमत नसेल तर निळा प्रकाश अडवणारा ब्लू कट चष्मा घाला म्हणजे कुठलाही लाइट चालेल, लाइट घ्यायचा तर जास्त वॉटचा घ्या, आणि किंडल-बिंडल ही ई-पुस्तकं वाचायची यंत्रं म्हणजे शेवटी मोबाइलच. यातलं एकही वाक्य आहे तसं बरोबर नाहीये, पण प्रत्येकात चिमूटभर खरं आहे आणि त्या चिमटीवरच हे चालतं. मला जास्त खटकतं ते हे की सगळा दोष रंगावर टाकलाय. उजेड किती, येतो कुठून आणि पडतो कुठे यावर अख्ख्या मेसेजमध्ये एक शब्द नाही, आणि झोपून वाचणाऱ्याचा खरा त्रास तर तिथेच असतो.

आता नंबरचं बघू. 'अंधारात वाचू नकोस, डोळे जातील' हे आपल्यापैकी बहुतेकांनी आईकडून ऐकलंय (आईचा खरा हेतू बऱ्याचदा लाइट बंद करून आपल्याला झोपवणं हा असायचा, ते सोडा). २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरसुद्धा खऱ्या मानतात अशा गैरसमजांवर एक लेख आला होता, त्यात हा समज होताच. मंद उजेडात ताण येतो, डोकं चढतं, पापण्या कमी लवतात म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात, हे सगळं खरं, पण विश्रांती मिळाली की ते जातं, कायमचं काही बिघडत नाही. आणि पंख्याचा वारा थेट तोंडावर येत असेल तर सकाळच्या चुरचुरीचा आळ दिव्यावर घेण्याआधी जरा वर बघा.

मायनसचा नंबर येतो तो बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांबट वाढल्यामुळे, आणि ही वाढ मुख्यतः लहानपणी आणि शाळा-कॉलेजच्या वयात होते. तिथे संबंध दिसतो तो दोन गोष्टींचा, पुस्तक नाकाला लावून तासन्‌तास वाचणं आणि दिवसा घराबाहेर फारसं न पडणं. तैवानने २०१० पासून शाळेतल्या मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रम सुरू केला तो याच कारणाने. म्हणजे मुलांसाठी बेडजवळ नीट लाइट हवाच, कारण उजेड कमी पडला की पोरं पुस्तक जवळ ओढतात, पण नंबर थांबवायचाय तर संध्याकाळी खाली खेळायला पाठवा, लाइट बदलून ते होणार नाही. मोठ्यांचं म्हणाल तर चाळिशी लागते डोळ्यातलं भिंग कडक होत गेल्यामुळे, तुम्ही जन्मभर क्रिकेटच्या मैदानावरच्या दिव्यांखाली वाचलंत तरी ती लागायची तेव्हा लागणारच.

याच मुद्द्याला कधीकधी एक शेपूट असतं, 'लहान बाळाच्या खोलीत रात्री दिवा ठेवला तर त्याला चष्मा लागतो'. हे कुणी मनाने रचलेलं नाहीये. १९९९ साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या लोकांचा तसा अभ्यास खरंच आला होता, दोन वर्षांच्या आतली मुलं दिवा लावून झोपवली तर पुढे मायनस नंबर जास्त दिसतो असा. पण पुढच्याच वर्षी, नेचरमध्येच, दुसऱ्या गटांनी तपासलं तर तसा संबंध सापडला नाही, आणि एक मजेशीर गोष्ट पुढे आली की ज्या आईबापांना स्वतःला मायनस नंबर असतो तेच मुलांच्या खोलीत दिवा जास्त ठेवतात. मुलांना नंबर आला तो आईबापांकडून, नाव झालं दिव्याचं. पहिली बातमी मात्र अजून फिरतेय, दुसरी कुणी फॉरवर्ड करत नाही.

एलईडी पडदा जाळतो या वाक्यातली चिमूट अशी की पांढऱ्या एलईडीत खरोखरच निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप देऊन पांढरा उजेड काढतात, ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं तीच ती. फार प्रखर निळ्या उजेडाने पडद्याला इजा होऊ शकते हेही खरं, म्हणून तर दिव्यांची त्या दृष्टीने जोखीम मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धतच आहे. पण प्रमाण बघा ना. ढगाळ दुपारी बाहेर १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप) आसपास उजेड असतो, कडक उन्हात लाखाजवळ जातो, आणि तुमच्या पुस्तकाच्या पानावर असतात ३०० नाहीतर ५००. दुपारी बँकेत जाऊन आलात तर त्यात जितका निळा प्रकाश डोळ्यात गेला तितका रात्रीच्या दिव्यातून जायला किती रात्री लागतील याचा विचार करा. एलईडीच्या उघड्या ठिपक्याकडे टक लावून बघू नका, एवढंच. आणि 'जुना बल्ब लावा' हा सल्ला तर पलंगाजवळ मला धोक्याचाच वाटतो, ६० वॉटचा जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, हात लावायची सोय नसते, आणि तो उशीला, खिडकीच्या पडद्याला नाहीतर मच्छरदाणीला टेकला तर काय होईल ते सांगायला नको.

आता लाल आणि झिरो, म्हणजे झोपेचा मुद्दा, आणि इथे जरा थांबायला हवं कारण मेसेजमधली सगळ्यात मोठी चिमूट इथे आहे. २००२ च्या सुमारास हे स्पष्ट झालं की डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं हे नाहीच, दिवस आहे की रात्र ते मेंदूला कळवणं हे आहे, आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. त्यांना निळसर उजेड भरपूर मिळाला की मेलाटोनिन दबतं. लाल उजेडाला त्या फारशा जागत नाहीत, म्हणून लालमध्ये मेलाटोनिन कमी दबतं. कमी दबतं, बरं का. लाल दिवा लावून ते 'वाढत' नाही, अंधारात जे होणार होतं त्यापेक्षा जास्त काही होत नाही.

आणि लाल दिव्यात वाचून बघा एकदा. लाल पेन्सिलीने केलेल्या खुणा गायब होतात, आणि चाळिशीवाल्यांना अक्षरं अजून धूसर वाटतात कारण लाल किरण डोळ्यात जरा मागे फोकस होतात. चष्म्याच्या दुकानात लाल-हिरव्या पाटीवरची अक्षरं दाखवून 'कुठली ठळक दिसतायत' विचारतात ना, ते याच फरकावर चालतं. झिरोचा बल्ब तर वाचायला नसतोच मुळी, रात्री उठल्यावर ठेच लागू नये म्हणून असतो. शिवाय जुना काचेचा झिरो वीज खात नाही हा समज पण सोडा, तो १२-१५ वॉट खातो, एवढ्यात आज एलईडीने आख्खी खोली उजळते.

मग झोपेसाठी करायचं काय? २०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने शिफारस केलीय की झोपायच्या आधीचे निदान तीन तास डोळ्यांपर्यंत पोचणारा उजेड त्या पेशींच्या हिशोबाने १० लक्सच्या आत ठेवावा. हे १० डोळ्याशी मोजायचे, पानावर नाही, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. माझा ढोबळ हिशोब असा: पानावर ३०० लक्स, उघडं पुस्तक हातभर लांब, बाकी खोली अंधारी, तर कागदावरून उलटून डोळ्यात येतात साधारण २०-२५. २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका पिवळसर) वॉर्म व्हाइट दिवा असेल तर त्यातले निम्म्याहून कमीच त्या पेशींच्या खात्यावर पडतात, म्हणजे १० च्या आसपास आलोच की. तोच दिवा ६५०० केल्विनचा, ज्याच्या खोक्यावर 'कूल डे लाइट' लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे घरोघरी तोच असतो, तर दुप्पट. आणि वाचायला म्हणून भिंतीवरची ट्यूब चालू ठेवली तर कितीतरी पट, कारण ती पानाबरोबर थेट तुमच्या डोळ्यांतही येते. म्हणजे रंगाने फरक पडतो, पण ट्यूब बंद करून दिवा फक्त पानावर पाडल्याने त्याहून मोठा पडतो. लाल करायची गरजच येत नाही. यातही माणसामाणसात प्रचंड फरक असतो, २०१९ च्या एका अभ्यासात सगळ्यात संवेदनशील आणि सगळ्यात कमी संवेदनशील माणसात ५० पटींहून जास्त अंतर निघालं होतं, तेव्हा नवऱ्याला ट्यूबखाली घोरता येतं म्हणून बायकोलाही यावं असं काही नाहीये.

जागेचं सांगतो, कारण मेसेज याबद्दल गप्प आहे. उताणं झोपून पुस्तक तोंडावर धरता तेव्हा पान खाली बघत असतं आणि छतावरच्या लाइटचा उजेड पडतो पुस्तकाच्या कव्हरवर! वाचायची बाजू पूर्ण सावलीत. मग लोक म्हणतात उजेड पुरत नाही आणि अजून मोठा बल्ब आणतात, कव्हर अजून उजळतं. दिवा हवा डोक्यामागे, पलंगाच्या पाठीवर नाहीतर भिंतीला, खांद्यावरून पानाकडे वळवता येणारा, आणि त्याचा ठिपका तुम्हाला स्वतःला दिसता कामा नये. कुशीवर वाचायची सवय असेल तर पाठीमागच्या बाजूने. ज्यांची कूस दर दहा मिनिटांनी बदलते त्यांच्यासाठी पुस्तकालाच चिमटा लावायचा क्लिप लाइट किंवा गळ्यात घालायचा वाकडा लाइट, दिसायला विचित्र पण काम चोख, शेजारच्याची झोपमोडही कमी. खोलीत दुसरं कुणी झोपलेलं नसेल तर कोपऱ्यात एखादा मिणमिणता दिवा असू द्या, उजळ पान आणि मागे काळोख असा फार फरक काहींच्या डोळ्यांना टोचतो.

ब्लू कट चष्म्यावर जास्त वेळ घालवत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, डोळ्यांचा ताण कमी होण्यात साध्या भिंगापेक्षा फरक बहुधा पडत नाही असं निघालं, झोपेबद्दलही खात्रीने काही सांगण्यासारखं सापडलं नाही. नंबरच्या चष्म्यावर वरचे पैसे मागितले तर नको म्हणा.

वॉटचा मुद्दा जुना झालाय. वॉट म्हणजे वीज किती खातो, उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये छापलेलं असतं. जुना ६० वॉटचा बल्ब ७०० च्या आसपास ल्युमेन द्यायचा, तेवढे आज ७-८ वॉटचा एलईडी देतो. आणि अंतर निम्मं केलं की छोट्या दिव्याचा उजेड पानावर जवळजवळ चौपट होतो, म्हणून हातभर अंतरावरचा ५० ते १०० ल्युमेनचा, उजेड एकवटणारा क्लिप लाइट पुस्तकाला पुरतो. अपवाद वयाचा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली लहान झालेली असते आणि भिंग पिवळं, तेव्हा आजोबा 'अजून जरा उजेड कर' म्हणतात ते हट्टाने नाही. सगळ्या घराला एकच दिवा सांगणारा मेसेज म्हणूनच निरुपयोगी आहे, कमी-जास्त करता येणारा घ्या. फक्त स्वस्त डिमरवाल्यात उजेड लुकलुकतो, आपल्याला तो दिसत नसला तरी काहींचं डोकं दुखतं, मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून दिव्याकडे धरा, पट्टे पळताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर दुकानातच परत द्या.

राहिलं किंडल. बोस्टनच्या एका हॉस्पिटलमधला २०१४ च्या शेवटी आलेला अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो, ई-बुक वाचणाऱ्यांना झोप उशिरा लागली म्हणून. पण त्यात वापरला होता आयपॅड, ब्राइटनेस फुल, झोपायच्या आधी सलग चार तास, पाच रात्री, माणसं १२, आणि झोप लागायला उशीर झाला सुमारे १० मिनिटं. किंडलच्या ई-इंक, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या, पडद्यावर उजेड कडेने पानावर पडतो, डोळ्यात सोडलेला नसतो, आणि तो अगदी कमी करता येतो, नव्या पेपरव्हाइटमध्ये पिवळसरही करता येतो. मोबाइलचं खरं दुखणं वेगळंच आहे, त्यात वाचता वाचता हाच मेसेज येतो.

जाता जाता, दिवा घेताना होल्डर बघून घ्या. आपल्या घरातले बहुतेक बल्ब दोन पिनांचे असतात आणि कितीतरी टेबल लॅम्प आट्यांचे येतात, मग रात्री दहाला नवा लॅम्प हातात आणि घरात एकही बल्ब बसत नाही. आट्यांचा, वॉर्म व्हाइट, २७०० केल्विन, असं कागदावर लिहूनच दुकानात जा, नुसतं 'पिवळा द्या' म्हटलंत तर रंगवलेला झिरोचा बल्ब हातात पडायचा.